आवाज येऊलालाय मॅडम

जिंतूरकडचा पोरगा, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, वय असेल 24-25. परभणीच्या उन्हात तोंडाला दस्ती सगळेच बांधतात पण हा दुकानात गिऱ्हाईकासमोर पण सोडत नाही असं त्याची आईच सांगत होती. दोन्ही गालांवर पिंपल्सचे खड्डे. पहिल्यांदा माझ्याकडे, म्हणजे कातडीच्या डॉक्टरकडे, आला तेव्हा नवीन पिंपल्स पण होते आणि कुणीतरी दिलेली गोरं व्हायची ट्यूब चालू होती, स्टिरॉइडवाली, चेहरा लालबुंद. म्हणून आधी ट्यूब बंद केली, पिंपल्सच्या गोळ्या दिल्या, सगळं आटोक्यात आल्यावरच खड्ड्यांना हात लावला. आईचा धोशा एकच, "लेझर मारा अन् एका दमात काढून टाका की मॅडम, औंदा पोरी बघायच्यात."

लेझर वाईट नाही हो, पण याचे बरेचसे खड्डे रोलिंग टाइपचे, म्हणजे कातडी आतून तंतूंनी खाली ओढून धरलेली, ते तंतू सुटल्याशिवाय वरून काहीही लावा ती वर येत नाही. आणि आपल्या सावळ्या रंगाला जोरात लेझर मारलं की काळे डाग पडायची भीती असतेच.

म्हणून त्या दिवशी सबसिजन केलं, म्हणजे ते तंतू सुईनं आतून तोडले. आधी लाईट घालवून बाजूनं टॉर्च धरला, कारण समोरच्या उजेडात निम्मे खड्डे दिसतच नाहीत, सावली पडली की कळतात, मग एकेकाला पेननं गोल केला. भूल दिली आणि कातडीखाली सुई आडवी घालून पुढेमागे फिरवायला लागले. तंतू तुटताना बारीक कर्रकर्र होतं, माझ्या बोटांना जाणवतं. पोरगा एकदम म्हणाला, "मॅडम, आवाज येऊलालाय." दुखतंय का रे? "दुखंना, पण कानात येऊलालाय." म्हणलं बाळा, तेच तर तुटायला पाहिजे.

नंतर गॉज दाबून धरलं. सुजलेले गाल बघून आई घाबरलीच. तिला बसवून सांगितलं, हे काळंनिळं आठ-दहा दिवसांत जाईल, आत थोडं रक्त साचतं ते कामाचंच असतं, कातडी लगेच परत चिकटत नाही. पण नवीन कोलॅजन, म्हणजे कातडीला आतून भरीव ठेवणारं प्रोटीन, तयार व्हायला 3 ते 6 महिने जातात, लग्नाची तारीख बघून ते घाई करत नाही. बारीक खोल भोकं राहिलीत त्यांना पुढच्या वेळी टूथपिकच्या टोकानं टीसीए नावाचं जोरदार ॲसिड, मग मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं) 4-6 आठवड्यांच्या अंतरानं, आणि सनस्क्रीन रोज. गाल एकदम गुळगुळीत होणार नाही हे पण स्पष्ट सांगितलं, खड्डे उथळ होतील. पोरगा म्हणाला, तेवढं झालं तरी बास.

निघताना आई म्हणाली, धाकट्याला पण पुटकुळ्या आल्यात, दहावीला आहे, वयात येतातच म्हणून काही केलं नाही. म्हणलं मावशी, थोरल्याचं पण असंच सोडलं होतं ना? त्याला याच आठवड्यात घेऊन या, फोडू देऊ नका, आणि ती ट्यूब अजून घरात असेल तर त्याच्या हाती लागायच्या आत टाकून द्या.