उघड्या फाइल हँडलांचा हिशेब : द्राक्षबागेच्या सर्व्हरची नोंद

निफाड तालुक्यातील एका मित्राच्या द्राक्षबागेतील तापमान व आर्द्रता टिपणारे सेन्सर मोबाइल डेटावरून नाशिकमधील माझ्या घरच्या लिनक्स सर्व्हरला जोडलेले आहेत. हा सर्व्हर अलीकडे मधूनच नव्या जोडण्या घेईनासा झाला आणि लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा संदेश येऊ लागला. लिनक्समध्ये प्रत्येक सॉकेट (नेटवर्क जोडणीचे टोक) हेही एक फाइल हँडलच (उघड्या फाइलचा क्रमांक) असते व एका प्रोसेससाठी (चालू प्रोग्रामसाठी) अशा हँडलांची सॉफ्ट, म्हणजे वाढवता येणारी, मर्यादा सहसा १०२४ असते, त्यामुळे मोजक्याच फाइली उघडलेल्या असतानाही ती संपू शकते.

त्रुटी क्रमांक २४ होता. संपूर्ण यंत्रणेची मर्यादा संपली असती तर २३ दिसला असता. म्हणजे शोध एकाच प्रोसेसपुरता उरला. अशा वेळी ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’मध्ये आकडा वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण ती फाइल लॉगिन सेशनसाठी असते, सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामने चालवलेल्या सेवेला तिच्या युनिट फाइलमध्ये (सेवेच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) ‘लिमिटनोफाइल’ द्यावे लागते. शिवाय गळती असेल, म्हणजे उघडलेली हँडले बंदच होत नसतील, तर वाढीव मर्यादाही आज ना उद्या भरतेच, म्हणून मी ती तूर्त वाढवली नाही.

प्रोसेसची उघडी हँडले दाखवणाऱ्या, ‘प्रॉक’खालील ‘एफडी’ डिरेक्टरीत जवळजवळ सगळी हँडले सॉकेटची निघाली. जोडण्यांची यादी देणाऱ्या ‘एसएस’ आज्ञेत ती ‘क्लोज-वेट’ (समोरच्या बाजूने बंद केलेली) दिसली असती तर प्रोग्राम सॉकेट बंद करत नाही असे म्हणता आले असते. प्रत्यक्षात सर्व ‘एस्टॅब्लिश्ड’ (चालू) होती आणि एकेका सेन्सरच्या नावावर अनेक जोडण्या होत्या. दर मिनिटाला हँडले मोजून आलेख काढला, तेव्हा तो पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला दिसला आणि प्रत्येक पायरी शेतीच्या फीडरवर वीज परत येण्याच्या वेळेशी जुळली. वीज गेली की बागेतील मॉडेम जोडणी संपल्याचे सांगणारे ‘फिन’ पॅकेट न पाठवताच बंद पडतो. सर्व्हरला जुनी जोडणी जिवंतच वाटते आणि वीज आल्यावर सेन्सर नवी जोडणी उघडतो.

लिनक्समध्ये कीपअलाइव्ह (शांत जोडणी जिवंत आहे का याची चाचणी) प्रत्येक सॉकेटवर मुद्दाम चालू करावे लागते, आणि तसे केले तरी पहिली चाचणी मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. आता ६० सेकंदांची शांतता, त्यानंतर १५ सेकंदांच्या अंतराने चार चाचण्या, असे मोजमाप दिले आहे. त्यामुळे मृत जोडणी सुमारे दोन मिनिटांत सुटते. वीज परतल्यावर आलेख थोडा चढून पुन्हा खाली येतो, हे पाहून फार समाधान वाटले. छाटणीनंतर बागेत आणखी सेन्सर बसतील, तेव्हा मर्यादाही वाढवणार आहे.