सासूबाईंची अट, अष्टमी आणि गुहागर

"समुद्राला येते मी, पण तिथं संडास नीट असला तर. आन् चौपाटीसारखं पाणी असलं तर आधीच सांगा, मी घर राखते." एवढं एका दमात सांगून सासूबाईंनी शेंगा फोडायला घेतल्या.

त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सासरे लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर बिऱ्हाड साताऱ्याला आलं, तोवर चौपाटी त्यांनी पोटभर बघितली होती. आता गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, आणि बाहेरगावी निघालं की सोय असेल-नसेल या धास्तीनं त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग रात्री डोकं दुखतं, पित्त होतं. आमच्या ह्यांनी केलेल्या यादीत मात्र पहिलं नाव सुरमई थाळीचं होतं. ती यादी मी फ्रिजवरून काढली आणि दुसरी लावली.

गणपतीपुळे पहिल्या फेरीतच बाद. देऊळ अगदी समुद्राला लागून, सासूबाईंना आवडलं असतं. पण तिथलं पाणी दगाबाज आहे, बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि आमच्याकडे चौथीतला मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. तारकर्ली छान, पण लांब. श्रीवर्धनला महाबळेश्वर-पोलादपूर करत आंबेनळी उतरायचा, पुढे पुन्हा वळणंच वळणं; धाकटी मेढ्यापर्यंतच्या रस्त्यालाही ओकते.

'ब्लू फ्लॅग'चं खूळ ह्यांनी आणलं. डेन्मार्कमधली फाउंडेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन ही संस्था स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना हे मानांकन देते. त्यासाठी ३३ निकष आहेत: पाण्याची नियमित तपासणी, सांडपाणी न सोडणं, कचराकुंड्या, संडास, कपडे बदलायच्या खोल्या, पिण्याचं पाणी, जीवरक्षक, प्रथमोपचार, अपंगांना येता येईल अशी वाट, माहितीचे फलक. भारतात २०२० मध्ये पहिल्या आठ किनाऱ्यांना तो झेंडा मिळाला. त्यातले आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे कर्नाटकातले कासरकोड आणि पदुबिद्री. महाराष्ट्रातून श्रीवर्धन, नागाव, पर्णाका, गुहागर आणि लाडघर ही नावं यासाठी पुढे आली. हे कळल्यावर ह्यांचं सुरू झालं, "मग गुहागर फिक्स!"

गुहागर मलाही पसंत होतं, कारण साताऱ्याहून एकच मोठा घाट. पण झेंड्यावर माझा भरवसा बेताचाच. तो एका हंगामापुरता मिळतो, दरवर्षी नव्यानं कमवावा लागतो. आणि आपण जाऊ त्या दिवशी संडासाला कुलूप आहे का, नळाला पाणी आहे का, हे झेंडा सांगत नाही. ते फोन करूनच विचारावं लागतं. निकषांचा उपयोग मला झाला तो प्रश्न तयार करायला. तेच मुद्दे वहीत उतरवले आणि एकेका ठिकाणी फोन लावत गेले.

एका रिसॉर्टवाल्यानं सगळ्या प्रश्नांना "होऊन जाईल मॅडम" एवढंच उत्तर दिलं आणि पूर्ण पैसे आधी मागितले. मी म्हटलं, "जरा व्हिडिओ कॉलवर बाथरूम दाखवता का?" त्यावर फोन कट झाला तो झालाच. हे बाजूला बसून कानकोंडे झाले होते. "अगं, बाथरूम काय दाखवायला लावतेस लोकांना!" पण आपण हजारो रुपये आगाऊ देतो तर बाथरूम बघायला लाजायचं कशाला? ज्यांचं स्वच्छ असतं ते हसत दाखवतात.

गुहागरातल्या एका घरगुती मुक्कामवाल्या काकूंनी हसतच दाखवलं. कमोड, शेजारी पकडायला भिंतीत दांडी, बिनपायरीचं दार. "कमोड एकाच खोलीत आहे हो. ती आजींना ठेवते," काकू म्हणाल्या. "किनाऱ्यावर सोय आहे, पण तिथवर चालण्यापेक्षा घरी यायचं. आमची वाडी ओलांडली की सुरूचं बन, त्यापुढे समुद्र. परसात नळ आहे, पोरांना तिथंच धुवायचं. वाळू घरात आणायची नाही, एवढं मात्र सांगून ठेवते."

"आणि काकू, जीवरक्षक असतात ना?"

"असतात. पण त्यांच्या जिवावर पाण्यात नाही उतरायचं, भरती बघून उतरायचं. तिथी कुठली धरताय?"

मी गप्प. शनिवार-रविवार, शाळेची सुट्टी, ह्यांची रजा, सगळं बघितलं होतं. समुद्राला जायला तिथी बघायची हे घाटावरच्या माणसाला कोण सांगणार? काकूंनी फोनवरच शिकवणी घेतली. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा; म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पुरं चढलेलं, आणि दुपारी बाराच्या आसपास पुरी ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन दुपारी पाणी काठाला. रोज भरती पाऊण तासानं पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, तेही मी नंतर ताडून बघितलं. फरक तेवढाच निघाला.

दुसरी गोष्ट उधाणाची. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी खूप चढतं आणि तेवढंच जोरात उतरतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, म्हणून पाणी कमी चढतं-उतरतं. त्याला भांग म्हणतात. आणि ओहोटीला पाणी पाय आत ओढतं, म्हणून पोरांना घेऊन जायचं ते चढत्या पाण्यात. तिन्ही गोष्टी जुळवल्या तर उत्तर एकच येत होतं: अष्टमी-नवमी, दुपारी साडेतीन ते साडेपाच.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. रथसप्तमी रविवारी, सोमवारी २६ जानेवारी आणि माघ शुद्ध अष्टमी. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचं आमच्याकडे घरटी आमंत्रण असतं, त्याआधी सासूबाई हलल्याच नसत्या. सोमवारी सकाळी शाळेत झेंडावंदन करून निघायचं, जोडून सुट्टी घेऊन आलेले लोक तेव्हा परतीच्या वाटेवर असणार. मंगळवार पुरा मोकळा, बुधवारी परत. शाळा दोन दिवस बुडाली. बाईंना मी खरं कारण लिहून दिलं आणि त्यांनी "भरती-ओहोटीवर वर्गात दोन मिनिटं बोल" या बोलीवर सही केली.

एसटीचा विचार झाला होता. बायकांना अर्ध तिकीट, सासूबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या म्हणून त्यांना फुकट. हिशेबानं फार स्वस्त. पण मध्ये थांबा कुठे घ्यायचा हे आपल्या हातात नाही, आणि आमची सगळी सहल त्याच एका गोष्टीवर टांगलेली. गाडीच काढली. वन्सं कराडहून त्यांच्या गाडीनं निघाल्या, मल्हारपेठेत भेटलो. धाकटीला उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी दिली होती आणि पोटात कोरडी भाकरी. घाट उतरेपर्यंत पोरगी गाणी म्हणत होती.

सासूबाईंचं माहेर पाटणकडचं. कोयनानगर जवळ आलं तशा त्या बोलत्या झाल्या. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. पहाटे घर हललं, सगळा गाव थंडीत उघड्यावर. पोरं कान देऊन ऐकत होती. थोरल्याला धरणापेक्षा वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटलं. कोयनेचं पाणी बोगद्यातून खाली पोफळीच्या वीजगृहात उतरतं, तिथून वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, म्हणजे गुहागरच्या उत्तरेला समुद्रात. "म्हणजे आपलंच पाणी आपल्या आधी पोचलं?" असं तो कुंभार्ली उतरेपर्यंत तीन-चारदा म्हणाला. चिपळूणच्या पुढे सासूबाईंनी स्वतःहून पाण्याची बाटली मागितली. खोलीतल्या कमोडचा फोटो मी त्यांना सकाळीच दाखवून ठेवला होता.

चारला पोचलो, सामान टाकलं, थेट बनातून पुढे. गुहागरचा किनारा लांबलचक आहे, माणसं विरळ होत जातात. वाळू काठाला भुसभुशीत, तिथं सासूबाईंचं पाऊल घोट्यापर्यंत रुतायला लागलं. काकूंच्या मुलानं प्लॅस्टिकची खुर्ची आणली. त्या बसल्या आणि मागचे दोन पाय असे गपकन घुसले की त्या आभाळाकडं तोंड करून राहिल्या. "आगं धरा मला!" वन्सं हसता हसता खालीच बसल्या. मुलानं जाऊन एक रुंद फळी आणली, खुर्चीचे चारही पाय फळीवर, आणि खुर्ची जरा पुढे ओल्या घट्ट वाळूवर. मग मात्र अजिबात हलली नाही. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर फळीचं आधीच सांगून ठेवा, गादीवाल्या खुर्चीपेक्षा तिचा उपयोग जास्त.

त्या खुर्चीचा आणखी एक फायदा झाला. पाणी चढत होतं, त्यामुळे फळीला लाट लागली की खुर्ची मागे घ्यायची. फळी दोनदा मागे गेली की मुलांनाही तेवढंच मागे बोलवायचं, असा नियमच करून टाकला. बाकीचे नियम फोनवर काकूंनी घालून दिले होते. मुलांनी गुडघ्याएवढ्याच पाण्यात, मोठ्या माणसानं त्यांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला उभं राहायचं. किनाऱ्यावर बसून "अरे, आत जाऊ नको" ओरडून उपयोग नसतो. एका माणसानं फक्त डोकी मोजायची, मोबाइल हातात घ्यायचा नाही. ते काम वन्संच्या मिस्टरांकडे होतं आणि त्यांनी ते शिपायासारखं केलं.

काकूंच्या मुलानं बोट दाखवून आणखी एक गोष्ट समजावली. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टी सपाट, जरा गढूळ दिसते. ती जागा शांत वाटते म्हणून नवखी माणसं नेमकी तिथंच उतरतात. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत ओढलं जातं. त्यात कुणी सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेनं झटापट करून दमायचं नाही, किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्टीतून बाहेर पडायचं. ह्यांना पोहता येतं, कृष्णेत शिकलेले. तरी कमरेच्या पुढे गेले नाहीत. मला बरं वाटलं.

सासूबाईंनी लुगडं वर खोचून पावलं बुडवली. "पाणी चांगलं हाय, वास न्हाई," हा त्यांचा शेरा. मग शेजारी येऊन बसलेल्या पुण्याच्या बाईंना त्या गिरणीपासूनची हकिगत सांगत बसल्या.

मंगळवारी सकाळी ओहोटी, म्हणून पाण्याला कुणी गेलं नाही. व्याडेश्वराचं देऊळ केलं, मग किनाऱ्यावर नुसतं चालणं. वाळूत जाळीचं कुंपण दिसलं: वनखात्यानं कासवांची अंडी राखायला केलेलं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत इथं रात्री येऊन अंडी घालतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात आणि समुद्राकडे जातात. किनाऱ्यावर रात्री झगझगीत दिवे आणि गाड्या असतील तर मादी वर चढत नाही, पिल्लंही भलतीकडे वळतात. पण हे ऐकतं कोण? त्याच दुपारी चार पोरांनी मोठी गाडी थेट वाळूत घातली, चाकं रुतली, पाणी चढायला लागलं आणि शेवटी ट्रॅक्टर बोलवावा लागला. सासूबाईंना खुर्चीवरून ते सगळं दिसत होतं. म्हणाल्या, "ह्यास्नी फळी द्या रं कुणीतरी."

जेवणाचं फार सांगत नाही. काकूंकडे घावन, सोलकढी, आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. ह्यांनी सुरमई बाहेर जाऊन खाल्ली. सासूबाईंना भातानं पोट भरत नाही, म्हणून ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात होती. काकूंनी ती चटणी चाखली आणि निघताना रेसिपी लिहून मागितली.

काय उपयोगी पडलं, काय नाही: जीन्स घेऊन जाऊच नका, ओली झाली की वाळत नाही; सुती जुने कपडे, पंचे, गाडीत गोड्या पाण्याचा कॅन. मुलांच्या मनगटावर पेनानं माझा नंबर लिहिला होता, घामानं तासाभरात पुसला. दुसऱ्या दिवशी कापडी पट्टीवर लिहून बांधला. कचऱ्याची पिशवी आपली आपण न्यायची आणि आपणच परत आणायची. पोहण्याच्या फुगवायच्या रिंगा वन्संनी हौसेनं आणल्या होत्या. काकूंच्या मुलानं त्या बघितल्या आणि "ह्या तळ्यात" म्हणत बाजूला ठेवल्या. वाऱ्यानं त्या मुलासकट आत जातात.

बुधवारी नाश्ता करून निघालो, उजेडात घाट चढलो. साताऱ्यात आल्यावर गाडी खालून धुवून घेतली, खारं पाणी पत्र्याला राहिलं की गंज धरतो. वन्संनी घरी पोचल्या पोचल्या फोन केला, त्यांच्या सासूबाईंना मे महिन्यात न्यायचंय म्हणून. त्यांना म्हटलं, मे महिन्यात दुपारी वाळूवर पाय ठेववत नाही, तेव्हा तिथी अशी धरा की चढतं पाणी उन्हं उतरल्यावर मिळेल. आणि कमोडची खोली एकच आहे, ती आजच सांगून ठेवा.