हाफटाइमला आत आलेला हामान

इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलचा विषय निघाला की कुणी ना कुणी 'चमत्कार' म्हणतंच. मला तो शब्द अजिबात पटत नाही. २५ मे २००५ ला लिव्हरपूलने मिलानविरुद्ध ०-३ वरून ३-३ केलं, ते नेमकं कशामुळे झालं हे स्क्रीनवर बोट ठेवून दाखवता येतं. आणि म्हणूनच माझ्या आवडत्या मॅचमध्ये ती पहिली आहे. जी मॅच कुठे फिरली ते सांगता येतं, ती कितीही वेळा बघितली तरी शिळी होत नाही.

आधी पहिला हाफ. मिलानच्या मिडफिल्डला चार जण: मागे पिर्लो, दोन बाजूंना गट्टुसो आणि सेडॉर्फ, पुढे काका. लिव्हरपूलचा कोच राफा बेनितेझने बारोशच्या मागे दुसरा स्ट्रायकर म्हणून क्यूएलला घेतलं, त्यामुळे मधे उरले जेरार्ड आणि शाबी अलोन्सो. चाराविरुद्ध दोन. पहिल्याच मिनिटात पिर्लोच्या फ्री किकवर माल्दिनीने गोल केला, पण खरं दुखणं ते नव्हतं. जेरार्ड-अलोन्सोच्या पाठीमागे आणि सेंटर बॅकच्या पुढे जी मोकळी पट्टी होती, तिथे काका मोकाट फिरत होता. तिसरा गोल बघा: काका बॉल घेऊन वळतो, जवळ कुणीही नाही, आणि डिफेन्स चिरत जाणारा लांब पास थेट क्रेस्पोच्या पायात. क्रेस्पोने बॉल लिव्हरपूलचा गोलकीपर डुडेकच्या वरून अलगद उचलला. ४४वं मिनिट, ३-०.

हाफटाइमला जखमी फिनानच्या जागी डीटमार हामान आला. हामान काही झगमगता खेळाडू नव्हता, पण त्या मोकळ्या पट्टीत उभं राहणं हेच त्याचं आयुष्यभराचं काम होतं. सोबत मागे तीन जण झाले: कॅरागर, हुपिया, त्राओरे. मिलानचे स्ट्रायकर दोन, म्हणजे मागे एक माणूस जास्तीचा. काकावर हामानची नजर, आणि जेरार्ड पुढे जायला मोकळा. पुढचं सगळं या एका बदलातून आलं.

ही मॅच पुन्हा बघणार असाल तर हायलाइट्स नकोत. ४६ ते ६० ही पंधरा मिनिटं सलग बघा, आणि एकदा तरी बॉल सोडून फक्त जेरार्डकडे बघा. ५४व्या मिनिटाला रीसेचा पहिला क्रॉस अडतो, दुसरा आत येतो, आणि पहिल्या हाफभर काकाच्या मागे पळणारा जेरार्ड आता मिलानच्या बॉक्समध्ये मोकळा उभा असतो. हेडर, ३-१. दोन मिनिटांनी स्मिट्सरने लांबून मारलेल्या फटक्याला मिलानचा गोलकीपर दिदाचा हात लागतो, तरी बॉल आत जातो. मग कॅरागर, सेंटर बॅक असूनही, बॉल घेऊन वर येतो (जास्तीचा माणूस मागे असल्यामुळेच त्याला हे परवडतं), बारोश हलकेच बॉल ढकलतो आणि गट्टुसो जेरार्डला पाडतो. अलोन्सोची पेनल्टी दिदा अडवतो, पण परत आलेला बॉल अलोन्सो डाव्या पायाने जाळीच्या छतात मारतो. ६०वं मिनिट, ३-३.

मात्र त्या डावाची किंमतही मोजावी लागली. मागे तीनच जण असले की दोन्ही कडा उघड्या पडतात. मिलानचा कोच अँचेलोटीने ते बरोबर हेरलं आणि ताज्या पायांच्या सेर्जिन्योला डावीकडे उतरवलं. एक्स्ट्रा टाइममध्ये त्याला रोखायला खुद्द जेरार्ड उजव्या कडेला जाऊन उभा राहिला. पायात गोळे येत असताना तो तिथे ज्या जिद्दीने खेळला, त्याला तोड नाही. तरीही ११७व्या मिनिटाला सेर्जिन्योचा क्रॉस आत आलाच. शेवचेन्कोचा हेडर डुडेकने अडवला, बॉल पुन्हा शेवचेन्कोपुढे, अंतर जेमतेम एक पाऊल. हा क्षण स्लो मोशनमध्ये बघा: डुडेक अजून नीट उठलेलाही नाही, फक्त हात वर उचललेला आहे, आणि बॉल त्या हातावर आपटून बारवरून जातो. शूटआउटमध्ये सेर्जिन्योने बारवरून मारला, पिर्लो आणि शेवचेन्कोच्या पेनल्टी डुडेकने अडवल्या. लिव्हरपूल ३-२.

इस्तंबूलला जे एका बदलाने सावरलं, ते सारिआ स्टेडियमवर एका उघड्या बाजूने बुडालं. ५ जुलै १९८२, बार्सिलोना, वर्ल्ड कप, ब्राझील-इटली. ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. सेरेझो, फाल्काव, सॉक्रेटिस, झिको असे चार मिडफिल्डर एकाच संघात, डोळ्यांचं पारणं फेडणारा खेळ, पण उजव्या कडेला विंगर नव्हता. ५व्या मिनिटाला इटलीचा काब्रिनी त्याच बाजूने वर आला, क्रॉस टाकला, रॉसीचा हेडर. ब्राझीलने १-१ केलं, मग इटलीचा दुसरा गोल सेरेझोच्या आपल्याच डिफेन्ससमोरच्या आडव्या पासवर. डिफेन्सपुढून आडवा पास द्यायचा नाही, हे शाळेच्या संघातही शिकवतात, आणि कारण हेच: पास चुकला की मधे दुसरं कुणीच नसतं. ६८व्या मिनिटाला फाल्कावने २-२ केलं. ७४व्या मिनिटाला इटलीचा कॉर्नर अर्धवट परतला, तार्देल्लीने तो पुन्हा आत मारला आणि रॉसीने वाटेत पाय लावला. ऑफसाइड का नाही? कारण ब्राझीलचा जुनियर पोस्टपाशीच उभा राहिला होता. कॉर्नर परतवल्यावर पोस्टवरच्या माणसाने लगेच बाहेर पळायचं असतं ते यासाठी. शेवटी ऑस्करचा हेडर इटलीचा चाळीस वर्षांचा गोलकीपर झॉफने रेषेवर दाबून धरला. इटली ३-२, आणि या स्पर्धेत तोवर एकही गोल नसलेल्या रॉसीचे तीन.

१८ डिसेंबर २०२२ ची लुसैलची अर्जेंटिना-फ्रान्स वर्ल्ड कप फायनल सगळ्यांनी बघितली आहे, म्हणून एवढंच. दि मारियाला अर्जेंटिनाचा कोच स्कालोनीने डावीकडे खेळवलं आणि फ्रान्सला ते झेपलं नाही. डेम्बेलेने त्याला पाडलं, त्यावर पहिली पेनल्टी. दुसरा गोल दि मारियाचाच. फ्रान्सचा कोच देशाँने हाफटाइमचीही वाट न बघता ४१व्या मिनिटाला दोन बदल केले. तासाभराच्या खेळानंतरही फ्रान्सचा गोलवर एक शॉट नव्हता. मग ६४व्या मिनिटाला दि मारिया बाहेर गेला, आणि फ्रान्सची उजवी बाजू सुटली. देशाँने आत आणलेल्या कोलो मुआनीलाच ओटामेंडीने पाडलं आणि एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल मारले. दि मारिया आणखी वीस मिनिटं टिकता तर हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आणि एक आपली. १० सप्टेंबर २०१९, दोहा, भारत-कतार ०-०, वर्ल्ड कप पात्रता फेरी. कतार त्याच वर्षी फायनलमध्ये जपानला ३-१ हरवून आशियाचा विजेता झालेला. आपण पाचच दिवस आधी गुवाहाटीत ओमानकडून हरलो होतो, तेही ८२व्या मिनिटापर्यंत १-० पुढे असताना. छेत्री आजारी, कप्तानी गोलकीपर गुरप्रीतकडे. त्याचे सेव्ह सगळ्यांना आठवतात, पण त्याच्या पुढची ओळ बघा: मुंबईचा राहुल भेके, झिंगन, गोव्याचा आदिल खान, गोव्याचाच मंदार राव देसाई. चौघांमधली अंतरं नव्वद मिनिटं वाढली नाहीत. ओमानविरुद्ध शेवटी दमून हीच अंतरं वाढली होती. दोह्यात बॉल कडेला गेला की चौघेही मिळून तिकडे सरकत होते, आणि बहुतेक शॉट बाहेरून किंवा तिरक्या कोनातून येत होते, जे गुरप्रीतच्या लांब हातांना सोयीचे. शेवटच्या दहा मिनिटांत तर उदांताचा फटका पोस्टला लागला. पाच आठवड्यांनी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर बांगलादेशविरुद्ध हरायची वेळ आली, तेव्हा ८८व्या मिनिटाला कॉर्नरवर डोकं लावून १-१ करणारा आदिलच होता.