खाडा घेत नाहीत, भरतात

धारूर तालुक्यातल्या एका गावात, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना आमचे निष्कर्ष वाचून दाखवायचे होते. हाताशी 22 मुलाखती होत्या. पहिल्या चार ट्रान्स्क्रिप्टचं कोडिंग, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं लावणं, आमच्या दोघी कोडरनी वेगवेगळं करून पाहिलं होतं. दोघींची लेबलं किती जुळतात ते सांगणारा आकडा, काप्पा, 0.84 आला (1 म्हणजे पूर्ण जुळणी), म्हणून सगळे निर्धास्त.

आधी अंगणात बसलो, पण ओट्यावर मुकादम येऊन टेकला आणि बायका नुसत्या माना डोलवायला लागल्या. मग शाळेच्या खोलीत गेलो. ‘बरोबर आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. म्हणून एकेक वाक्य वाचायचं आणि विचारायचं, ‘तुमच्या टोळीत असं कधी झालं?’

‘विश्रांती’ या कोडखालचं वाक्य वाचलं: आजारपणात बायका खाडा घेतात. एक मावशी हसल्या. ‘खाडा घेत न्हाईत बाई, भरावा लागतो.’

आमच्या शहरी कानाला खाडा म्हणजे गैरहजेरी. इथे तो दंड. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. एक जण बसला की त्या दिवसाची मजुरी जाते, वर खाड्याचे पैसे उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या रकमेच्या) हिशेबात चढतात. दोघी कोडर शहरातल्याच, त्यामुळे चूकही एकमताने झाली होती. काप्पा फक्त एकवाक्यता मोजतो. संशोधनपद्धतीचे अभ्यासक लिंकन आणि गुबा यांनी 1985 मध्ये सांगितलेली विश्वसनीयता, म्हणजे निष्कर्षावर विश्वास ठेवावा का हा प्रश्न, ही त्यापलीकडची गोष्ट.

परतल्यावर सगळ्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये ‘खाड’ एवढीच अक्षरं शोधली, म्हणजे खाडा, खाडे, खाड्याचे सगळं सापडतं. 9 मुलाखती निघाल्या. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं मागून ऑडिओ ऐकला. तीन ठिकाणी अर्थ खरोखर नुसती गैरहजेरी असाच होता. ते कोड हलवले नाहीत. एका मुकादमाच्या वहीत खाड्याचा वेगळा रकाना दिसला, म्हणजे बायकांच्या शब्दाला दुसरा पुरावा मिळाला. उलट मुलाखतींतल्या दोन बायकांनी सांगितलं, त्यांचा मुकादम भावकीतला, तो खाडा लावत नाही. ही विरुद्ध उदाहरणं अहवालात ठेवली. त्यांच्यामुळे निष्कर्षाला अट लागली: नातं कोणतं, त्यावर दंड ठरतो.

जुनी कोडिंगची फाइल पुसली नाही; तारीख घालून तशीच ठेवली, शेजारी बदलाचं कारण लिहिलेला मेमो. कोडबुकच्या (कोडांच्या व्याख्यांच्या यादीच्या) तिसऱ्या आवृत्तीत नोंद आहे: ‘खाडा (दंड): मजुरी बुडण्याखेरीज उचलीत चढवलेली रक्कम. नुसत्या सुट्टीला हा कोड लावू नये.’