उपवास करूनही वजन का उतरत नाही

एका माणसाच्या साबुदाणा खिचडीचा हिशेब मांडू. कोरडा साबुदाणा 60 ग्रॅम, दाण्याचं कूट 25 ग्रॅम, अर्धा बटाटा आणि फोडणीला एक मोठा चमचा तूप. साबुदाण्याच्या साधारण 210 कॅलरी, कुटाच्या 140, तुपाच्या 130, बटाट्याच्या 40. म्हणजे एक बशी 500च्या वर गेली. त्यात प्रथिनं जेमतेम सात-आठ ग्रॅम, आणि तीही जवळजवळ सगळी कुटातली, कारण साबुदाणा हा कंदातून काढलेला निव्वळ स्टार्च आहे.

आता साधं जेवण घ्या. दोन फुलके, वाटीभर मटकीची उसळ, एक पालेभाजी, पेलाभर ताक. कॅलरी जवळपास तेवढ्याच, थोड्या कमीच. प्रथिनं मात्र 18 ग्रॅमच्या आसपास, आणि चोथा कितीतरी जास्त. हे जेवल्यावर चार-पाच तास भूक लागत नाही. खिचडीनंतर दोन तासांत काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. मग रताळ्याचा कीस, बटाट्याचे वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू, दोन केळी, संध्याकाळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, झोपताना साखर घातलेलं दूध. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. त्या दिवशी धान्य बदलतं, खाणं कमी होत नाही.

व्रत आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रद्धेने केलेल्या उपवासाला कॅलरीचा हिशेब लावायची गरज नाही. पण ‘आठवड्यातून दोन उपवास करते, तरी वजन तसंच’ अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी फराळाचं ताट नीट बघावं.

उपवासात शरीरात होतं काय? यकृतात साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं, स्नायूंमध्ये त्याच्या तीन-चार पट. जेवण थांबल्यावर आधी यकृतातला साठा वापरला जातो, इन्शुलिन खाली येतं आणि हळूहळू चरबी जळण्याचं प्रमाण वाढतं. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. म्हणून पहिल्या आठवड्यात काटा दोन-अडीच किलो खाली येतो आणि माणूस हरखून जातो. त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. रोज 500ची तूट राखली तर आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतो, आणि टिकणारा वेग हाच. पहिल्या आठवड्याचा वेग दुसऱ्यात राहिला नाही म्हणून कित्येक जण सोडून देतात. खरं तर तेव्हाच चरबी उतरायला लागलेली असते.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांचा विचार गावोगावी नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना वगळता येत नाही. दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचं, मध्ये काही खायचं नाही आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. नियम लक्षात ठेवायला सोपे, पैसे लागत नाहीत आणि घरचंच जेवण चालतं. माझ्या मते या पद्धतीचा खरा फायदा मधल्या खाण्याला लागलेल्या कुलपात आहे. सकाळचे पोहे, अकराची बिस्किटं, चारचा चहा-फरसाण, सातचा वडापाव, या सगळ्या फेऱ्या एका फटक्यात जातात. पण त्या दोन जेवणांत काय आणि किती खाल्लं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दोन्ही वेळा भात, बटाट्याची भाजी आणि पातळ वरणाने पोट भरलं, तर काही महिन्यांनी वजन कमी दिसेल, पण दंड-मांड्या सैल पडलेल्या असतील.

चीनमध्ये ग्वांगझूच्या संशोधकांनी 139 स्थूल माणसांवर वर्षभर केलेली आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी इथे उपयोगी आहे. दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी करायला सांगितल्या. एका गटाने फक्त सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळात खाल्लं, दुसऱ्याने वेळेचं बंधन पाळलं नाही. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. घड्याळ कमी खायला मदत करतं. कमी खाण्याचं काम ते स्वतः करत नाही.

सुरुवात थेट दोन जेवणांनी करू नका. पहिला आठवडा रात्री 8 ते सकाळी 8 एवढंच पाळा, म्हणजे जेवल्यावर टीव्हीसमोरचं खाणं बंद. दुसऱ्या आठवड्यात सकाळचा नाश्ता हळूहळू पुढे ढकला. मग पहिलं जेवण साडेदहा-अकराला आणि दुसरं संध्याकाळी सात-साडेसातला बसवा. लोकलने घरी पोहोचेपर्यंत साडेआठ वाजणाऱ्यांनी डब्याची वेळ एकची ठेवावी आणि दुसरं जेवण घरी आल्याबरोबर करावं. लवकर जेवलेलं चांगलं हे खरं, पण रोज पाळता येईल अशी वेळ त्याहून महत्त्वाची.

मधल्या वेळात पाणी, साखर-दूध नसलेला चहा किंवा कॉफी, चिमूटभर मीठ घातलेलं लिंबूपाणी आणि अगदी राहवलं नाही तर पातळ ताक. दुधाच्या गोड चहाला यात जागा नाही. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर आणि 50 मिलिलिटर दूध धरलं, तर 280-290 कॅलरी होतात. तासभर चालून जे जळतं ते चहात परत येतं. चहा सोडवत नसेल तर तो जेवणाला जोडून घ्या, मध्ये नको.

आता प्रथिनं, कारण शाकाहारी घरात सगळ्यात जास्त इथेच चुकतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे तर 1.2 ग्रॅमपर्यंत जावं लागतं. 70 किलोच्या माणसाला दिवसाला 80-85 ग्रॅम, म्हणजे दोन जेवणांत प्रत्येकी 40. ‘आम्ही रोज वरण खातो’ म्हणून हा आकडा गाठत नाही. वाटीभर पातळ वरणात डाळ असते 20-25 ग्रॅम आणि प्रथिनं पाच.

40 ग्रॅमचं ताट असं दिसतं: 50 ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली उसळ (12), 100 ग्रॅम पनीर (18), दीड वाटी घट्ट दही (5), एक ज्वारीची भाकरी (5). संध्याकाळी 50 ग्रॅम डाळीचं घट्ट वरण (11), 30 ग्रॅम सोया वड्यांचा रस्सा (15), एक भाकरी (5), पेलाभर दूध (6) आणि काकडीच्या कोशिंबिरीत मोठा चमचाभर दाण्याचं कूट (3-4). तेल दोन्ही जेवणांना मिळून चार छोटे चमचे. दिवसाचं गणित 1,500-1,600 कॅलरींत बसतं. मांसाहार करणाऱ्यांचं काम सोपं आहे. 150 ग्रॅम कोंबडीत 30च्या वर प्रथिनं मिळतात, दोन अंड्यांत 13. बांगडा, सुरमई, कोळंबीही उत्तम, फक्त रवा लावून तळण्याऐवजी तिखल्यात किंवा तव्यावर चमचाभर तेलात. रक्तातलं क्रिएटिनीन (मूत्रपिंडं नीट काम करतात का ते दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ संपवा, भाकरी-भात नंतर. सोळा तास उपाशी राहिलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत तीन पोळ्या संपवतो आणि पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आधी वाढून घेतो. आधी चावून खायचं पोटात गेलं की हे आपोआप कमी होतं, जेवणानंतरची साखरही कमी चढते.

पहिल्या दहा दिवसांत डोकं दुखतं. बहुतेकदा चहा एकदम कमी केल्याने किंवा पाणी आणि मीठ कमी पडल्याने. चहा टप्प्याटप्प्याने कमी करा. बद्धकोष्ठ होतं, कारण खाणंच कमी झालेलं असतं. पालेभाजी आणि अडीच लिटरभर पाणी हे त्यावरचे पहिले उपाय. दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागले तर वजन फार वेगाने उतरतंय किंवा प्रथिनं आणि लोह कमी पडतंय असं समजा. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेग महिनोन्महिने राहिला तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. लग्न तोंडावर आलंय म्हणून नुसत्या सूपवर राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

औषधं चालू असतील तर आधी डॉक्टर, मग उपवास. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेऊन जेवण चुकवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि साखर 70च्या खाली दिसली की उपवास तिथेच संपला: तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच गोळ्यांवर लांब उपास केला तर रक्तात आम्ल साठू शकतं, आणि तेव्हा साखर फार वाढलेली नसल्याने दुखणं लक्षातही येत नाही. मळमळ, उलट्या, धाप असेल तर थेट रुग्णालय. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरताना कमी करावा लागतो; उठताना चक्कर येणं ही त्याची खूण. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, 18 वर्षांखालची मुलं, टाइप 1 मधुमेही आणि आधीच बारीक असलेली माणसं यांनी हा मार्ग घेऊ नये.

चालण्याबद्दल एक गैरसमज आहे. 70 किलोचा माणूस साडेचार किलोमीटर चालला तर सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी जळतात. एका वडापावात त्याहून जास्त असतात. त्यामुळे चालून वजन उतरवता येईल या भरवशावर राहू नका, पण चालणं सोडूही नका. साखर, रक्तदाब, झोप आणि उतरलेलं वजन टिकवणं, या सगळ्यांत त्याचा मोठा वाटा आहे. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली मधुमेह्यांना विशेष फायद्याची.

मराठी घरांत सहसा राहून जातो तो ताकदीचा व्यायाम. उपाशी शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं. त्यांना काम आहे हे दाखवलं तरच ते राहतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस, 25 मिनिटं पुरतात. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ते जमलं की पूर्ण बैठका. ओट्याला हात टेकून जोर, मग पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. पाठीवर झोपून गुडघे मोडून कंबर उचलणं. पाच लिटरचा पाण्याचा कॅन कमरेपाशी ओढणं. प्रत्येकाचे तीन सेट, 8 ते 12 वेळा, आणि शेवटच्या दोन वेळा अवघड गेल्या पाहिजेत. सहज 15 झाले की वजन वाढवा. गुडघे दुखणाऱ्यांनी बैठक अर्धीच ठेवावी, खुर्ची उंच घ्यावी. सूर्यनमस्कार लवचिकतेला आणि दमाला उत्तम, पण पायांना वाढतं ओझं त्यात मिळत नाही, म्हणून बैठका वेगळ्या हव्यातच.

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार धरायचेच असतील तर ताट बदला. साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची किंवा काकडीची दह्यातली कोशिंबीर, पनीर, दूध, मूठभर दाणे आणि एक फळ. तळलेलं काही नाही. संकष्टीला चंद्रोदय अनेकदा रात्री नऊच्या पुढे जातो आणि दिवसभर फराळ करून वर वरण-भात-मोदकांचं पूर्ण जेवण होतं. दुपारी एकदाच ताक आणि फळ घेतलं, आणि रात्रीच्या पानात मोदक ठेवून भात कमी केला, तर व्रतही होतं आणि पोटही जड होत नाही.

वजन रोज सकाळी शौचाहून आल्यावर बघितलं तरी चालेल, पण तुलना आठवड्याच्या सरासरीशीच करा. कालच्या लोणच्या-पापडाने आज किलोभर पाणी वाढलेलं असू शकतं. टेप जास्त खरं सांगतो: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटीमीटरच्या वर धोका सुरू होतो. बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) आपल्याकडे 23 झाला की वजन जास्त धरतात, 25ला स्थूलपणा. चार आठवडे वजन आणि कंबर दोन्ही हलली नाहीत, तर आधी तेलाची बाटली मोजा. महिन्याला घरात किती लिटर तेल येतं याला माणसांनी भागलं की उत्तर बहुतेकदा तिथेच सापडतं. मग दाणे-खोबऱ्याचं कूट, मग रविवारचं हॉटेल. एचबीएवनसी ही रक्ततपासणी सुरुवातीला एकदा आणि नंतर तीन महिन्यांनी करा. मधल्या काळातल्या साखरेची सरासरी त्यात दिसते, त्यामुळे तीन आठवड्यांत पुन्हा तपासून निराश होण्यात अर्थ नाही.