गरम पाण्याची बादली आणि चार फुटी रीफ टँक

ठाण्यातल्या एका दंतवैद्यांच्या वेटिंग रूममध्ये चार बाय दोन बाय दोन फुटांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. काच आणि सिलिकॉन ठणठणीत, पण आतलं सगळं थकलेलं. रॉकवर ब्रायोप्सिस या शेवाळाचं हिरवं रान, फटींतून एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल, आणि शेवाळाला पोसणारं फॉस्फेट 0.9 पीपीएमच्या (दहा लाखांत 0.9 भाग) खाली यायला तयार नाही. आधीचा देखभालवाला फॉस्फेट शोषणाऱ्या रिमूव्हरची पाकिटं बदलत राहिला होता, त्याने काही होणार नव्हतं. चुनखडीचा रॉक फॉस्फेट धरून ठेवतो. पाण्यातलं कमी केलं की रॉक आपल्या साठ्यातलं सोडतो आणि आकडा पुन्हा जिथल्या तिथे. तेव्हा ठरलं असं की काच तेवढी ठेवायची. रॉक, वाळू, पंप, स्किमर (हवेच्या फेसाने घाण काढणारं यंत्र), दिवे सगळं नवं.

नवा रॉक कुठला, यावर डॉक्टरांशी थोडी घासाघीस झाली. त्यांना कुणीतरी ‘समुद्रातला ओरिजिनल’ स्वस्तात देत होतं. तो बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा असतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये सगळे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे आहेत. सांगाडा मेलेला आहे म्हणून सुटका नाही. दवाखान्याच्या दर्शनी भागात असली वस्तू मांडण्यात शहाणपण नाही. आपण घडवलेला कोरडा सिरॅमिक रॉक घेतला, 18 किलो. तो आधी आठवडाभर शुद्ध पाण्यात बुडवून त्या पाण्याचं फॉस्फेट मोजलं. कोरडा म्हणजे स्वच्छ, असं गृहीत धरायचं नसतं.

जुना माल बाहेर काढायचा दिवस रविवारचा धरला, कारण पेशंट नसतात. माशांसाठी 150 लिटरच्या टबात टँकमधलंच पाणी, हीटर, पाणी हलवणारा छोटा वेव्हमेकर आणि जुन्या सम्पमधल्या, म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतल्या, सिरॅमिक रिंगा. उपयोगी जिवाणू पाण्यात नसतात, पृष्ठभागांवर असतात, म्हणून रिंगा महत्त्वाच्या. आधी कोळंबी, मग क्लाउनफिशची जोडी, शेवटी फॉक्सफेस. त्याच्या काट्यांत विष असतं, त्याला जाळीने नाही, डब्याने धरायचं. मासे बाहेर निघाल्याशिवाय वाळूला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना बजावलं होतं.

पाणी अर्ध्यावर आलं आणि रॉकवरचे झोआ, म्हणजे फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांच्या नात्यातले प्राणी, उघडे पडले. तपकिरी, जाडसर, बोटाएवढ्या तोंडांचे, त्यांच्यात पॅलिथोआ हे त्यांचे भाईबंदही मिसळलेले. दवाखान्यातला मदतनीस मुलगा उत्साही. तो गीझरची वाफाळती बादली घेऊनच आला. “दादा, वरून ओततो, सगळं सुटून येईल. मग ब्रश मारू.”

बादली तिथेच खाली ठेवायला लावली. एसी चालू, खिडक्या बंद, आणि पॅलिथोआवर उकळतं पाणी!

पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. 1971 मध्ये हवाईच्या पॅलिथोआपासून ते वेगळं केलं गेलं. प्राणिजन्य विषांमधलं हे अत्यंत जहाल. उकळून ते नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर उडालेल्या बारीक थेंबांतून ते श्वासात जातं. ब्रशने घासलं तरी तेच, शिवाय डोळ्यांत चिळकांडी उडते ती वेगळी. तोंडात धातूची चव, थंडी वाजून ताप, धाप आणि छाती आवळणं ही लक्षणं काही तासांत दिसतात. त्यावर उतारा नाही, फक्त आधाराचे उपचार. 2018 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरच्या टँकमधलं प्रवाळ हाताळताना अख्खं कुटुंब आणि मदतीला आलेले कर्मचारीही इस्पितळात गेले होते. आपल्या कोकण किनाऱ्याच्या खडकांवरही ओहोटीला झोआंची गालिच्यासारखी पसरण दिसते, तिथेही उगाच नखाने खरवडायला जाऊ नये.

दंतवैद्यांच्या दवाखान्यात हे काम करण्याचा एक फायदा असतो. गॉगल, फेस शील्ड, मास्क, नायट्राइलचे हातमोजे हाताशी, आणि रूट कॅनॉलसाठी लागणारं हायपोक्लोराइटही. पॅलिटॉक्सिन उकळीला दाद देत नाही, पण हायपोक्लोराइटने निकामी होतं. एसी बंद, खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट सुरू. 5 टक्के हायपोक्लोराइटचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं द्रावण झाकणाच्या ड्रममध्ये तयार केलं. प्रत्येक रॉक ओला असतानाच, न घासता, न फोडता उचलून सावकाश त्यात सोडायचा आणि झाकण लावायचं. पुसायची फडकी आणि बादल्याही त्याच द्रावणात अर्धा तास. पंप साफ करायला आणलेला व्हिनेगर आधी दुसऱ्या खोलीत पाठवला. हायपोक्लोराइटमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो.

डॉक्टरांना थोडे झोआ ठेवायचेच होते. मागच्या काचेवर पसरलेला हिरव्या झोआंचा एक पट्टा पाणी उपसायच्या आधीच पाण्याखाली जुन्या प्लास्टिक कार्डाने अलगद सोलून डब्यात घेतला होता. नंतर तो सुपरग्लूच्या जेलने प्लगवर, म्हणजे प्रवाळ लावायच्या छोट्या बैठकीवर, चिकटवला.

वाळू दोन-अडीच इंचांची. कोपऱ्यातला थर उचलला तर खाली काळा डाग आणि सडक्या अंड्यांचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. मासे आत असताना हा थर ढवळला गेला असता तर ते काही मिनिटांत पालथे पडले असते. अशी वाळू धुऊन पुन्हा वापरायचा मोह अनेकांना होतो. नवी पोती तीन-चार हजारांची, हे खरं. पण वाचवलेले पैसे नंतर रिमूव्हरमध्येच जातात.

पाण्याचं सांगायला हवं, कारण डॉक्टर म्हणाले, “आमच्या प्युरिफायरचं घ्या की.” घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मीटर लावला, 62. आपल्याला शून्य हवं, म्हणजे आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन. सम्प धरून 380 लिटर पाण्याला लिटरला 37 ग्रॅमच्या हिशेबाने 14 किलो मीठ लागलं. हलत्या पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी नाही, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो. रात्रभर फिरवून क्षारता, म्हणजे खारेपणा, हजारात 35 भाग आली. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नव्हे, 35 च्या प्रमाण द्रावणावर जुळवलेला होता.

रॉक आधी थेट काचेवर बसवला, वाळू नंतर. वाळूवर रचलेला रॉक बिळं करणारे मासे आणि कोळंब्या पोखरून पाडतात. काचेपासून चार इंच मोकळे ठेवले, चुंबकाचा ब्रश फिरायला.

मग लाइट घालवून पाहायची चाचणी. सम्पमधून टँकमध्ये पाणी परत आणणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड पाण्याच्या पातळीखाली 5 सेंटीमीटर होतं. टँकचा पृष्ठभाग साधारण 120 बाय 60 सेंटीमीटर, म्हणजे प्रत्येक सेंटीमीटरला 7.2 लिटर. पंप बंद पडला की सायफनने 36 लिटर सम्पमध्ये उतरणार, आणि सम्पमध्ये मोकळी जागा 20 लिटरची. दवाखान्याची फरशी ओली, खाली सोसायटीचा मीटर बॉक्स! तोंड वर घेऊन दीड सेंटीमीटरवर आणलं, मग 11 लिटरच उतरतात. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावतात लोक, पण त्यात गोगलगाय किंवा चुन्याचा कण अडकला की तो नावापुरता. ओघळ सॉकेटमध्ये शिरू नये म्हणून प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ दिला आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच.

सायकलिंगला, म्हणजे मासे सोडण्याआधी अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायला, 2 पीपीएम अमोनिया हवा. 380 लिटरला 2.4 ग्रॅम अमोनियम क्लोराइड पुरतं. नावाने नवसागरच, पण कल्हईवाल्याकडचा नाही, प्रयोगशाळेच्या दर्जाचा. त्याबरोबर बाटलीतले जिवाणू. दिवे बंद. अमोनिया घातल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला लागले, तेव्हा टबातले मासे परत आणले. तोवर टबात रोज अमोनिया तपासायचं काम त्या मदतनीस मुलाने चोख केलं, रंगपट्टीचा फोटो दर सकाळी यायचा.

पुढे डायटम या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर आला, तो येणारच. डॉक्टर घाबरून रिमूव्हर टाकायला निघाले होते, त्यांना थांबवलं. कोरड्या रॉकच्या टँकमध्ये नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेले की बुडबुड्यांच्या शेंबडासारखे डायनोफ्लॅजेलेट हे दुसरे सूक्ष्मजीव येतात, आणि ते डायटमपेक्षा कितीतरी चिवट. नायट्रेट 5 ते 10, फॉस्फेट 0.05 च्या आसपास, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) 8.5 डीकेएच धरून ठेवली. डायटम आपोआप उतरले.

रिसेप्शनवर आता एक कागद चिकटवला आहे: लाइट गेली तर बॅटरीचा एअर पंप लागला का बघा, आणि पेस्ट कंट्रोलवाले यायच्या आदल्या दिवशी फोन करा. फवारणीतलं पायरेथ्रॉइड स्किमरच्या हवेतून आत गेलं तर कोळंबी पहिली जाते, म्हणून त्या दिवशी स्किमर बंद ठेवून टँक झाकायचा असतो.