पावसातला भंडारदरा आणि रोजच्या थारचे टायर

पाच दिवस हिंजवडीचं ऑफिस आणि पावसाळ्यातले शनिवार-रविवार सह्याद्रीत, हे सगळं एकाच गाडीत होत असेल तर टायर कुठले घ्यायचे? जुलैतल्या भंडारदरा फेरीत आमच्या तीन गाड्यांना तीन जातींचे टायर होते, त्यामुळे तुलना आयतीच झाली. माझ्या थारला २५५/६५ आर १८ मापाचे (रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १८ इंची) एटी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे. मित्राच्या थारला मोठमोठ्या ठोकळ्यांचे एमटी, खास चिखलाचे. तिसरी जिम्नी, तिला कंपनीतून आलेले १९५/८० आर १५ एचटी, म्हणजे मुख्यतः डांबराचे.

पुण्याहून नाशिक रस्त्याने आळेफाटा, तिथून ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर आणि मग भंडारदरा धरणाजवळचं शेंडी गाव. चाकण उजाडायच्या आत ओलांडा, नाहीतर अर्धी सकाळ तिथेच जाते.

खरी परीक्षा मंचरच्या आसपास, भर पावसात, साध्या डांबरावरच झाली. पुढचा टेम्पो अचानक थांबला आणि आम्ही तिघांनी ब्रेक मारले. जिम्नी आणि माझी गाडी निमूट थांबली. एमटीवाली थार एबीएसचे, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकचे, धक्के खात आणखी बरीच पुढे आली, मधलं अंतर राखलं होतं म्हणून निभावलं. एमटीच्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जास्त, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. शिवाय चांगल्या एटी-एचटीच्या ठोकळ्यांवर ब्लेडने चिरल्यासारख्या ज्या बारीक चिरा असतात, त्या एमटीवर फारशा नसतात. ओल्या डांबरावर पकड यायला याच चिरांची मोठी मदत होते. रोज शाळा सुटायच्या वेळी ज्या रस्त्यावरून गाडी जाते, तिथे मला हीच पकड हवी. गाडी रुबाबदार दिसावी एवढ्यासाठी शहरात एमटी लावणं मला अजिबात पटत नाही. ऐंशीच्या पुढे त्यांचा घुमणारा आवाज आणि उतरणारं अॅव्हरेज हा वेगळा ताप.

कोतूळच्या अलीकडे ओळखीच्या मळ्यावर जेवायचं होतं. मुरूम संपला की ओढ्याजवळ काळ्या मातीचा पट्टा लागतो. काळी माती वेगळी असते. लाल मुरमाड चिखल चाक फिरलं की उडून जातो, ही मात्र लोण्यासारखी खाचांत बसते. जिम्नी हलकी, फोर-बाय-फोर लावलेली, तरी थोड्याच अंतरावर चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. उतरून टायरवर अंगठा दाबला तर नक्षी हाताला लागेना. गवताच्या काड्यांसकट माती घट्ट भरून टायर पार गोटा झाला होता. माझ्या एटीच्याही खाचा निम्म्या भरल्या होत्या. एमटीवाला मात्र थेट निघून गेला, त्याच्या रुंद खाचा फिरता फिरता माती बाहेर फेकत होत्या. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मग आम्ही दोघांनी हवा कमी केली. व्हॉल्व्हच्या पिनवर काडी दाबून धरली, फुस्स आवाज चालू, दर थोड्या वेळाने गेज लावून बघायचं. ३२ पीएसआयवरून २० वर आणली. टायर खाली लांबट पसरतो, वजन वाटलं जातं आणि रुतणं कमी होतं. माझी गाडी पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरची कमी वेग, जास्त ताकद देणारी जोडणी), अॅक्सिलरेटर न दाबता सावकाश पार झाली. जिम्नीलाही थोडा धक्का पुरला. माझं मत इथेच पक्कं झालं: रोजच्या गाडीला मध्यम नक्षीचे एटी घ्या आणि उरलेली कसर हवेने भरून काढा. पण हवा कमी असताना वेग ३०-४० च्या वर नेऊ नका, झटक्यात वळू नका, नाहीतर टायर रिममधून निसटू शकतो. आणि डांबर लागलं की आधी हवा भरा. कमी हवेवर जोरात पळवलं तर टायर तापून फुटतो. बारा व्होल्टचा कंप्रेसर आणि वेगळा गेज गाडीत हवाच.

कोतूळ-राजूर रस्त्यावर पाण्याखाली दडलेले, धारदार कडांचे खड्डे होते. अशा वेळी टायरची उंच बाजू कामी येते. म्हणून मोठ्या अॅलॉय रिमच्या मोहात पडू नका. थारला १६ इंची रिमवर २४५/७५ हे मापही कंपनीच देते. त्याची बाजू साधारण १८४ मिलिमीटर, माझ्या १८ इंचीची १६६. पूर्ण व्यासात मात्र दीडच सेंटीमीटरचा फरक. पुढच्या वेळी मी १६ इंचीच घेणार आहे.

शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा धरणाला वळसा घालणारा रस्ता आहे. वाटेत रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर सावकाश बघा. घाटघरला धुकं इतकं की बॉनेटपुढचं दिसेना. इथे चिखल नाही, शेवाळलेल्या कडा आणि वाहतं पाणी आहे, म्हणजे पुन्हा चिरांचंच काम. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, रस्ता सोडून गाडी घालायची नाही. आणि खाचरांत आवणी चाललेली असते. लोकांनी कमरेत वाकून लावलेल्या भातात किंवा बांधावर चाक गेलेलं मला बघवत नाही. साम्रदजवळच्या सांदण दरीत पावसात उतरू नका.

टायर घेताना बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर सवलतीतही नको. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. फोर-बाय-फोरला चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले लागतात, नाहीतर ताण गिअर-डिफरन्शियलवर येतो. म्हणून मी स्टेपनीसकट पाचही टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला फिरवून घेतो. स्टेपनीची हवा निघायच्या आधी तपासा. नक्षीवरचं पंक्चर प्लगने निभावतं, पण बाजूला दगडाचा कट गेला तर स्टेपनीशिवाय इलाज नाही. राजूरला टाकी भरून घ्या आणि घरी फोन तिथूनच करा, पुढे रेंजचा भरवसा नाही.